दोन नंबरचा सिलिंडर

२७ ऑक्टो., सोम.

जयस्तंभ चौकात आज गाडी बंद पडली. सिग्नल हिरवा, मागे हॉर्नचा कलकलाट, आणि ही बया चार आचके देऊन गप्प. सौ. शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती, जणू ती या गाडीत नाहीच. दोन ऑटोवाल्यांनी ढकलून कडेला लावली. चौदा वर्षांची गाडी. वीट आला.

सौ.ला ऑटोत बसवून दिलं. गाडी पुन्हा कशीबशी चालू झाली तशी रखडत रखडत भनपुरी, बिसाहूकडे. बावीस वर्षं आमच्या गाड्या तोच बघतो. बॉनेट उघडलं, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "दू नंबर मिस करत हे सर. भीतर पानी जावत हे. ऊपर ले का डारथव?"

मी काय ओततो? मला विचारतो! पॉलिटेक्निकात एकतीस वर्षं इंजिन शिकवलं मी. गेल्याच वर्षी यानेच दोन नंबरची कॉइल बदलली, प्लगला ठिणगी देते ती. आता म्हणे ती पुन्हा गेली असेल, खोलून बघू द्या. त्याची चार गिऱ्हाइकं उभी होती. मी मोठ्यानेच म्हटलं, डुप्लिकेट माल घालतोस आणि वर मलाच विचारतोस? राहू दे, हात लावू नकोस. गाडी तशीच आचके खात घरी आणली.

दर वर्षी हेच. दसरा झाला की गाडी बिघडते आणि बिसाहूचं फावतं. इतकी वर्षं कसं लक्षात आलं नाही.

२८ ऑक्टो., मंगळ.

मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. स्पष्ट. नाव घालून. "भनपुरीचे बिसाहू मिस्त्री नकली पार्ट घालतात, माझा स्वतःचा अनुभव, सावध राहावे."

दुपारपर्यंत तेवीस उत्तरं. कोणाचा क्लच, कोणाची बॅटरी, सगळ्यांना एकदमच संशय आला. दोघांनी गाड्या त्याच्याकडून उचलल्यासुद्धा. आमचे सेक्रेटरी पत्की यांचा फोन: "सर, बरं झालं तुम्ही लिहिलं. मंडळाची अ‍ॅम्ब्युलन्स पण त्याच्याकडेच असते ना. रविवारी कमिटीत विषय घेतो. तुम्ही पुरावा घेऊन या, म्हणजे त्याचं काम काढून टाकता येईल."

पुरावा आणतोच.

जेवताना सौ. म्हणाली, "तुमी त्याले एवढं बदनाम काहून करून राहिले? कोरोनात रात्री-बेरात्री अ‍ॅम्ब्युलन्स कोण चालू ठेवत होतं?" भाजीत मीठ जास्त होतं.

२९ ऑक्टो., बुध.

सकाळपासून कामाला लागलो. गाडी खाली, बाबांच्या पिठाच्या गिरणीच्या जागेत उभी असते. गिरणी बंद होऊन जमाना झाला, पण तेलाच्या इंजिनाचे पायातले बोल्ट अजून जमिनीतून वर आलेले आहेत. गाडी पुढे-मागे घ्यावी तर नेमके टायरला लागतात. या पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या म्हणा, गल्लीत दुसरी जागा कुठून आणायची.

आमच्या लेकीने, ऋचाने, ऑनलाइन मागवलेला स्कॅनर स्टिअरिंगखाली लावला. मोबाइलवर दाखवतो. सिलिंडर दोन, मिसफायर. म्हणजे बि. म्हणाला तेच. ते तर कानानेही कळत होतं, त्यात काय मोठं.

शिस्तीत चाललो. आधी एअर फिल्टर. बाप रे, शी. भनपुरीच्या कारखान्यांच्या धुरानं काळा, मधे पाल मेलेली, वाळून पापड झालेली. चिमट्याने काढली, दोनदा हात धुतले, तरी जेवताना पालच आठवत होती. मग बॅटरीची टर्मिनलं. त्यावर ती हिरवी-पांढरी बुरशी. गरम पाणी, सोडा. मग पेट्रोलची नळी. नख काळं-निळं. आचका जिथल्या तिथे.

ऋचा ऑफिसला निघताना: "पापा, आप से नहीं होगा, किसी और को दिखा दो." सव्वीस वर्षं हिच्याशी मराठीत बोलतोय. उत्तर हिंदीत.

३० ऑक्टो., गुरु.

आज कॉइलची परीक्षा. वर्गात दर वर्षी फळ्यावर काढून दाखवायचो: संशय ज्या कॉइलवर, ती शेजारच्या सिलिंडरवर लावा. दोष कॉइलबरोबर गेला तर दोष कॉइलचा. जागेवरच राहिला तर दोष जागेचा.

दोनची तीनवर, तीनची दोनवर. व्हॉल्व्ह कव्हरवर खंडेनवमीचं हळदी-कुंकू अजून तसंच आहे, ते सौ. पुसू देत नाही. कॉइल ओढून काढली तर खालचं रबर चिकट, तपकिरी. कसला तरी गोंद. बि.ने काय थापलं असेल देव जाणे. फडक्याने पुसलं, फडकं टाकून दिलं.

चालू केली. मिसफायर तीनवर!

दोष कॉइलबरोबर गेला. सिद्ध. एका वर्षात कॉइल मरते म्हणजे मालच नकली. फोटो काढले, स्कॅनरच्या पडद्याचेही. पत्कींना पाठवले. त्यांनी तीन अंगठे पाठवले.

३१ ऑक्टो., शुक्र.

नवी कॉइल आणली, पक्क्या बिलाची. दुकानदार तोंडात गुटखा घेऊन बोलतो, काउंटरवर लाल तुषार, त्याच हाताने खोका पुढे. बिल कोपऱ्याने धरून आणलं.

तीनची परत तीनवर, ही दोनवर बसवली. इंजिन एकदम गुळगुळीत. सौ.ला बोलावून ऐकवलं. ती पदराला हात पुसत आली, ऐकलं, म्हणाली, "बरं झालं. पण बिसाहूनं वाईट कॉइल काहून लावली असन? मले तर समजत नाही. बावीस वर्षांत त्याले आपल्यालाच फसवाचं होतं?"

पैशाचा मोह, म्हटलं. सगळे असेच असतात.

संध्याकाळी मुद्दाम गुढ़ियारीपर्यंत चक्कर मारून आलो. एक आचका नाही. रविवारी काय बोलायचं त्याचे मुद्दे कागदावर काढले. पाच मुद्दे.

१ नोव्हें., शनि.

सकाळी दूध आणायला गाडी काढली, गल्लीच्या तोंडाशी आचका. परत आणली. स्कॅनर: सिलिंडर दोन.

नव्या कॉइलवर. पक्क्या बिलाच्या.

मग ती परत ओढून काढली. खालचं रबर पुन्हा चिकट, तपकिरी. ही तर मी लावलेली, बि.चा हातही लागलेला नाही. या वेळी चष्मा लावला, टॉर्च घेतला आणि प्लग ज्या खोल भोकात बसतो त्यात डोकावलो.

तळाशी काकवीसारखं काहीतरी. त्यात मेलेल्या मुंग्या, पुंजकाच्या पुंजका. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने वर काढलं. खवट, आंबूस वास. ओळखीचा. नाकाशी धरून उभा राहिलो आणि ओळख पटत नव्हती. मग टोकाला तांदळाचा दाणा लागून आला. लाल. कुंकू लावलेला.

अक्षता.

खंडेनवमीला मी बॉनेट उघडतो. इंजिनावरचं प्लॅस्टिकचं आवरण काढून ठेवतो, कारण देवाची पूजा झाकणावर कशी करायची. हळद-कुंकू, अक्षता, फूल, आणि नारळ फोडून त्याचं पाणी इंजिनाच्या डोक्यावर. बाबा गिरणीच्या इंजिनावर असंच ओतायचे. ते बिडाचं धूड, त्याला नारळच काय, आख्खी विहीर ओतली असती तरी फरक पडला नसता. बाबा गेल्यावर इंजिन गेलं, आणि नारळ मी गाडीवर आणला. दर वर्षी. याच जागी उभा राहून.

आणि वर्गात? इंजिनावर पाणी ओतू नका, म्हणून किती पोरांचे मार्क कापले मी. नारळाचं पाणी मी कधी पाण्यात धरलंच नाही.

किळस आली. त्या मुंग्यांची नाही. नळाखाली किती वेळ हात धूत बसलो कोण जाणे. सौ. आली, तिने स्क्रू-ड्रायव्हर बघितला, दाणा बघितला. मोठ्याने हसली असती तर बरं झालं असतं.

दुपारभर साफ केलं. गरम पाणी, इंजेक्शनची पिचकारी, काडीला गुंडाळलेलं फडकं. चारही भोकं. दोनचं रबरी सील फाटलेलं, म्हणून सगळं तिथेच. रबरात मुरलेली ओल कॉइलबरोबर तीनवर गेली, म्हणून परवा दोषही तिच्यामागे गेला. तीस मिलीलीटर घाण निघाली असेल. गाडी सुरळीत.

उद्या कमिटी. उद्या सांगतो.

२ नोव्हें., रवि.

नाही सांगितलं.

कॉइल आणि तो दाणा पुडीत बांधून नेला होता. अकरा जण. पत्कींनी सुरुवात केली, सर स्वतः इंजिनचे प्राध्यापक आहेत, त्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले, वेगळ्या पुराव्याची गरज नाही. मी म्हटलं, "एक सांगायचं होतं." पत्की म्हणाले, "सर, तुमचा शब्द पुरेसा आहे." हात वर झाले. ठराव पास. तीन मिनिटं लागली, घड्याळ समोरच होतं. अ‍ॅम्ब्युलन्स पुढच्या रविवारी दहाला रिंग रोडच्या नव्या गॅरेजला जाणार. पुढचा विषय, कोजागिरीच्या फोटोंचा अल्बम.

मी कुठे मधे बोलू शकलो असतो? शकलो असतो. अकरा तोंडं माझ्याकडे आदराने बघत होती. त्या तोंडांना "नारळ" म्हणून सांगायचं? मग पोहे आले, ते खाल्ले. चांगले होते. स्वतःची एवढी शिसारी कधी आली नव्हती.

३ नोव्हें., सोम.

गाडी उत्तम चालते आहे. बाहेर काढली नाही.

४ नोव्हें., मंगळ.

सौ. बोलते, पण तेवढ्यापुरतं. चहा. गोळी. नळ आला.

ऋचाला सगळं सांगितलं. तिने कान देऊन ऐकलं. "तो पापा, बिसाहू भैया को जाकर सॉरी बोल दो. इतना क्या सोचना?" हिला काय, सोपं आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला. मग वाटलं, ही म्हण ग्रुपवर लिहिताना मला का आठवलं नाही.

५ नोव्हें., बुध.

आज पुन्नी मेळा, कार्तिकी पौर्णिमेची जत्रा. भनपुरीला जाणार होतो, रस्त्यांवर गर्दी असेल म्हणून राहिलो. मेळा महादेव घाटाला असतो, भनपुरी नेमकी उलट्या बाजूला. सौ.ला हे माहीत आहे. तिने नुसतं बघितलं.

६ नोव्हें., गुरु.

गेलो.

गाडी वाटेत एकदाही कुरकुरली नाही, लाज वाटावी इतकी छान चालली. बि.च्या शेडमध्ये एरवी आमच्या ओळखीच्या तीन-चार गाड्या असतात. आज एकच ट्रक, तोही कोणाचा तरी टाकून दिलेला. बि. स्टूल पुसून पुढे करत म्हणाला, "आवव सर." चहा सांगितला. मला चहा नको होता. तो माणूस मला चहा देत होता याचाच राग आला.

उभ्यानेच सांगितलं. कॉइल चांगली होती. नारळाचं पाणी. मी ओतत होतो. पुडी उघडून दाणा दाखवला.

बि.ने दाण्याकडे पाहिलंही नाही. "मैं जानत रहेंव सर."

केव्हापासून?

"छै-सात बछर होगे. हर बछर चाँउर के दाना निकलत रिहिस. मैं साफ करके दे देत रहेंव."

मग बोलला का नाहीस?

"पूजा के बात. ऊपर ले आप गुरुजी आदमी. कइसे बोलतेंव? पउर साल कॉइल जर गे, त ए साल पूछ परेंव." स्टूल मागे सारत म्हणाला, "पूछेंव त आप चोर कहि देव."

म्हणजे सहा-सात वर्षं हा माणूस माझ्या इंजिनातून अक्षता वेचत होता. एका शब्दाने त्याने माझी फजिती केली नाही. गेल्या वर्षी कॉइल जळली, म्हणून यंदा नुसतं विचारलं. आणि मी दसऱ्यानंतर याचं फावतं म्हणून लिहून ठेवलंय, याच वहीत, वर.

मी माफी मागितली. हात जोडले. शेडमध्ये तो आणि मी, आणि तो मोडका ट्रक.

बि. म्हणाला, "मोर करा माफी झन माँगव सर. इहाँ कोन सुनत हे? जिहाँ लिखे हव, उहें लिखव."

माझ्याकडे माफी नको, जिथे लिहिलं तिथेच लिहा. आवाज चढवला नाही. पान्हा घेतला आणि ट्रकखाली गेला. चहा तसाच राहिला.

७ नोव्हें., शुक्र.

लिहिलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. शेवटी टाकलं: "श्री. बिसाहू यांच्याबद्दल मी लिहिलेले गैरसमजातून होते. अधिक तपासाअंती दोष त्यांचा नसल्याचे आढळले. दिलगीर आहे."

आरोपाला तेवीस उत्तरं आली होती. याला चार. तिघांचे नुसते जोडलेले हात. चौथा म्हणतो, "सर, तुमचा मोठेपणा!"

कसला मोठेपणा. घाण वाटली.

८ नोव्हें., शनि.

पत्कींचा फोन. आवाज हळू करून: "सर, खरं सांगा. दबाव आला का? माणसं वगैरे पाठवली का त्याने? घाबरू नका, मंडळ तुमच्या मागे आहे."

म्हटलं, कोणी आलं नाही. मीच गेलो होतो.

"तुम्ही भले माणूस आहात सर. गरिबाच्या पोटावर पाय नको असं तुम्हाला वाटलं असणार. पण ठराव झालाय. उद्या दहाला अ‍ॅम्ब्युलन्स नव्या गॅरेजला जाते आहे."

म्हणजे मी खोटं बोललो तेव्हा तज्ज्ञ. खरं बोललो तर भला माणूस. फोन ठेवला आणि कोणालाही उद्देशून नाही अशी एक शिवी हासडली, बऱ्याच वर्षांनी.

सौ.ला मेसेज वाचायला दिला. तिने चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाली, "यात नारळ कुठं आहे?"

मी मोबाइल परत मागितला.

"अधिक तपासाअंती म्हणे. हा कोर्टाचा कागद आहे का? दोष त्याचा नाही, बरं. मग कोणाचा आहे, ते नाही लिहिलं तुमी. कोण इश्वास ठेवन?"

बरोबर आहे तिचं. बि.चं नाव मी नाव घेऊन घालवलं, आणि परत देताना माझं नाव, माझा नारळ, माझी एकतीस वर्षं सगळं झाकून ठेवलं. पुन्हा लिहायला घेतलं. "मी दर खंडेनवमीला" इथपर्यंत झालं. डोळ्यांपुढे ते सगळे. पत्की. माझे दोन विद्यार्थी आहेत त्या ग्रुपवर, एक तर आता स्वतःच प्राचार्य आहे. हसतील. वर्षानुवर्षं हसतील, दर दसऱ्याला. कोणी म्हणेल देवाधर्माची चेष्टा करतोय म्हातारा.

अजून पाठवलेलं नाही.

लिहून भागणारही नाही, गाडी उद्या दहाला निघते. मंडळाच्या आवारात नऊलाच जाऊन अ‍ॅम्ब्युलन्ससमोर उभा राहतो, असं सौ.ला सांगितलं. अकराच्या अकरा येतील, पेढे वाटणार आहेत म्हणे. तिथे सगळ्यांसमोर बोलतो. नारळासकट.

ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "जा. पण मागच्या रविवारी पण तुमी बोलाले गेले होते."